चार नंबरची शंका

सोमवार, १२ जानेवारी

ज्यूरीवर निवडले गेले. दीडशे माणसं बोलावली होती, त्यातली निम्मी काही ना काही रड सांगून सुटली. कुणाचा गुडघा, कुणाच्या गाई व्यायला आलेल्या. जजनं मला विचारलं, "काही अडचण?" मी म्हटलं, नाही. अडचण असायला घरात कुणीतरी असावं लागतं.

आम्ही चौदा जण आहोत. निकाल बारा जणांनीच द्यायचा असतो, पण खटला तीन आठवडे चालणार, मध्येच कुणी आजारी पडलं तर म्हणून दोन जास्तीचे. ते दोन कोण हे आत्ता कुणालाच ठाऊक नाही. सगळं सगळ्यांनी ऐकायचं, आणि शेवटी चौदाच्या चौदा उभे असले तर जज डब्यातून दोन चिठ्ठ्या काढणार नि त्या दोघांना घरी पाठवणार. कोर्टात नाव घ्यायचं नाही, नंबर. मी चार नंबर.

जजनं बजावलंय की घरी, दारी, फोनवर, कुठंही खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आपसातसुद्धा अगदी शेवटी खोलीत बसू तेव्हाच बोलायचं, तोवर मत बनवायचं नाही. वहीत लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. शाळेच्या बसच्या आठ-दहा नोंदवह्या घरात उरल्यात. सव्वीस वर्षं बस चालवताना त्यांत टायरची हवा आणि भांडकुदळ पोरांची नावं लिहिली, आता हे लिहीन.

लिडियाचा फोन येऊन गेला. "अगं ताई, खुनाचाच खटला ना? एवढं तरी सांग." मी म्हटलं, "बाहेर उणे चौतीस आहे. तुझे पाइप गोठले का?" तिनं फोन आपटला. धाकटी ती धाकटीच, साठी आली तरी.

बुधवार, १४ जानेवारी

वॉल्टर कोस्टिक म्हणून एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा शेतकरी. गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी गोठा आणि घर यांच्या मध्ये पडलेला सापडला. डोक्यात लोखंडी पहार मारलेली. डॉक्टर म्हणाला, मारानं नाही मेला, थंडीनं मेला. अर्धा-पाऊण तास जिवंत होता. हे ऐकताना मला माझ्या हातांचं काय करावं कळेना.

आरोपी ट्रॅव्हिस लिसाक, वय तेवीस. कोस्टिककडे कामाला होता. फाटक उघडं टाकलं, गुरं हमरस्त्यावर गेली, म्हणून म्हाताऱ्यानं तीन दिवस आधी हाकलून दिला होता. तेव्हा हा चारचौघांत म्हणाला होता, "बघून घेईन तुला." पोलिसांना सांगतो, त्या सकाळी मी झोपलो होतो. तो आणि शेतावर काम करणारे आणखी तिघं एकाच भाड्याच्या घरात राहत होते. तिघंही म्हणतात, आम्हीपण झोपलो होतो. रविवार होता.

पोराचा कोट मागून आणलेला दिसतो, बाह्या बोटांपर्यंत येतात. माझ्या बसमध्ये असली पोरं मागच्या बाकावर बसायची. वाईट नसायची. चांगलीही नसायची.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना नुसती नावं, आडनावं नाहीत, सांगून टाकली, नाहीतर "दहा नंबर, जरा मीठ द्या" असं किती दिवस म्हणणार? दहा नंबर म्हणजे लेनर्ड. मधमाश्या पाळतो. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पेट्यांना कान लावून ऐकतो म्हणे, आत गुणगुण चालू आहे का. त्यानं मला हीटरजवळची खुर्ची दिली. पाय गार पडले होते, म्हणून बसले.

शनिवार, १७ जानेवारी

आज नेस्टर दिसला.

म्हणजे त्याचा पिकअप दिसला. मी वाणसामान घेऊन परतत होते, धान्याच्या कोठाराच्या वळणावर समोरून आला. हिरवा, डाव्या दिव्याच्या वर तोच पोचा. ओळख द्यायला नेहमीसारखं माझं बोट स्टीअरिंगवरून उठलं, समोरूनही बोट उठलं, गेला. अर्धा मैल मी अगदी मजेत गाडी चालवली. आज जेवायला काय करावं याचा विचार करत होते, आणि दोघांचा करत होते.

मग आठवलं. नोव्हेंबरात नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. पिकअप मीच विकला, पलीकडच्या गावातल्या एका सुताराला.

रडले वगैरे नाही. उलट घरी आल्यावर वाटलं, पुन्हा त्याच रस्त्यानं जाऊन यावं. तसं केलंही. दिसला नाही. मला तो इतका हवाय की वेड्यासारखं वाटतं, आणि हे सांगायला लिडियाही नको वाटते, कारण ती लगेच गोळ्यांची नावं सांगेल. म्हणून इथं लिहिलं.

मंगळवार, २० जानेवारी

आज मुख्य साक्षीदार. पर्ल सॉचुक, कोस्टिकच्या समोरच रस्त्यापलीकडे राहते. वय ऐंशी, केस नीट बसवलेले, चर्चला घालायचा निळा पोशाख. सरकारी वकीलबाईंनी विचारलं, काय पाहिलंत.

"ट्रॅव्हिसला पाहिलं. पावणेनऊला. नुकतं फटफटलं होतं. मी खिडकीशी भांडी विसळत होते, तो कोस्टिकच्या फाटकातून बाहेर आला. मी हात केला, त्यानं बोट उचललं, गेला गावाकडे."

"खात्री आहे?"

"बाई, मी त्याला तो एवढासा होता तेव्हापासून ओळखते. त्याच्या आजोबांचा पिकअप आहे तो, लाल, पाठीमागची फळी पांढरी."

मग आरोपीचा वकील उठला. शहरातला आहे, पायात पातळ चामड्याचे बूट, रोज पार्किंगमध्ये घसरतो. त्यानं तिचे डोळेच धरले. चष्मा कधी बदलला, मोतीबिंदू कधी काढला. शेवटी म्हणाला, त्या दारावरची पाटी वाचून दाखवा. पर्लबाईंनी पाटी तर वाचलीच, खाली पाटी करणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं. आम्ही हसलो, जजही हसला. वकील लाल होऊन खाली बसला.

मला वाटतं संपलं. त्या बाईच्या तोंडून खोटं निघायचं नाही. पोरानं मारलं म्हाताऱ्याला. घरी येईपर्यंत मला त्या पोराचा राग राग येत होता. मारलंस ते मारलंस, वर शेजारणीला बोट उचलून ओळख देऊन गेलास?

शुक्रवार, २३ जानेवारी

पोराची आई दुपारी गाडीत बसून खाते. एकटीच. इंजिन चालू ठेवते, काचा धुरकटतात. आमच्या खिडकीतून दिसते. एकजण म्हणाली, "बिचारी." लेनर्ड म्हणाला, "आत येऊन बसली तर कोण काय म्हणणार आहे तिला?" आम्ही तिच्याशी बोलायचं नाही असा नियम आहे.

त्यानं आज मला मधाची बाटली दिली. सगळ्यांनाच दिली. माझी जरा मोठी होती, पण ते असंच.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी लिडियाचा फोन. तक्रार करायला. "काल लिओना दिसली बाजारात जाताना. मी चांगला हात केला, मेलीनं बघितलंसुद्धा नाही."

"अगं, लिओना नाताळपासून ॲरिझोनात आहे."

"असं? मग तिचा पोरगा चालवत असेल. पण गाडी तीच होती."

"मग लिओना कशी दिसली?"

"तू ना ताई, कोर्टात जायला लागल्यापासून डोकं खातेस. गाडी दिसली म्हणजे माणूस दिसलं. तुला काय वेगळं दिसतं?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. मग खाली बसले.

पर्लबाई खोटं बोललेल्या नाहीत. त्यांनी लाल पिकअप पाहिला, पाठीमागची फळी पांढरी. हात केला. आतून कुणाचं तरी बोट उठलं. इथं कुणाचंही उठतं, चोराचंसुद्धा उठेल, ते काही माणूस ठरवून करत नाही. आम्ही सगळे असेच पाहतो. उणे तीसमध्ये काचा अर्ध्या गोठलेल्या, आत टोपी आणि गळपट्टा, तोंड दिसतं कुणाचं? आम्ही गाडीला हात करतो नि घरी येऊन सांगतो, अमका भेटला. मी स्वतः आठ दिवसांपूर्वी या वहीत लिहिलं, आज नेस्टर दिसला. शपथेवर विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, पहिला अर्धा मैल तरी.

आणि किल्ली. हिवाळ्यात अंगणातल्या गाडीची किल्ली काढतो कोण इथं? आतच असते. त्या घरात चार जण राहत होते. पिकअप दारात, किल्ली आत. हे कोर्टात कुणी विचारलंच नाही, कारण विचारणारे दोघंही शहरातले. शहरातला माणूस किल्ली खिशात घेऊन झोपतो. तो डोळे तपासत बसला. डोळे चांगलेच आहेत बाईंचे.

आता भीती वाटते. ही शंका खरी आहे, की मला नेस्टर दिसला म्हणून सुचली? माझं मन त्याच्यासाठी झुरतं, म्हणून मी एका खुन्याला सोडायला निघाले की काय? दुपारभर भाजी चिरत हाच विचार. उत्तर मिळालं नाही, भाजी मात्र चौघांना पुरेल एवढी झाली.

बुधवार, २८ जानेवारी

साक्षी संपल्या, भाषणं संपली. वकील पुन्हा डोळ्यांवरच बोलला. मी मनात म्हणत होते, अरे बाबा, किल्ली. किल्लीचं विचार. बसमध्ये पोरांवर ओरडायचे तसं ओरडावंसं वाटलं. आम्हाला बोलायची मनाई.

उद्या जज कायदा समजावणार आणि मग आम्ही आत बसणार. जेवणाच्या वेळी नाताळातली उरलेली, खसखस भरलेली गोड पावाची वळकटी कापून वाढली नि म्हटलं, "उद्या आत बसलो की मला एक सांगायचंय."

चार-पाच जणांनी माना हलवल्या. लेनर्ड म्हणाला, "मग तुम्हीच सुरू करा, चार नंबर. मला पहिलं बोलायला जमत नाही. दुसऱ्यानं तोंड उघडलं की मग मी येतो मागनं."

"मधमाश्यांशी कसं बोलता मग?"

"तिथं मी ऐकायलाच जातो."

सगळे हसले. मला किती बरं वाटलं हे लिहायला लाज वाटते. दोन वर्षांत पहिल्यांदा उद्या कुणीतरी माझं बोलणं ऐकायला बसणार आहे. मी आंघोळ केली, केस धुतले, बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं.

गुरुवार, २९ जानेवारी

घरी आहे. संध्याकाळचे पाच. मी घरी असायला नको होतं.

जज दोन तास बोलला. वाजवी शंका म्हणजे काय ते सांगितलं. कल्पनेनं रचलेली नको, दया आली म्हणून नको, कुणाचा राग म्हणून नको. पुराव्यातून, किंवा जो पुरावा असायला हवा होता नि नाही त्यातून, सरळ विचार केल्यावर जी उरते ती. म्हणाला, "आरोपीनं बहुधा केलं असेल असं वाटलं, तर तेवढं पुरत नाही. त्याला सोडावंच लागेल." मला एकदम हलकं वाटलं. नेस्टरवरची माया वेगळी नि किल्ली वेगळी. किल्ली माझ्या दुःखातून आलेली नाही, ती खरोखरच गाडीत असते.

मग त्यानं डबा मागवला. मी विसरलेच होते.

पहिली चिठ्ठी अकरा. अकरा नंबरच्या बाईला घरी तान्हं मूल आहे, तिनं तोंडावर हात धरला, आनंदानं. दुसरी चिठ्ठी चार.

मी बसूनच राहिले. शेजारचा म्हणाला, "तुमचाच नंबर." जजनं आभार मानले, देशाची सेवा वगैरे. बाकीचे बारा उठून आत गेले. लेनर्ड दारात थांबला, मागं वळून माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या मागचा त्याच्यावर आदळला आणि दोघंही गेले.

ग्लेन म्हणून नातवंडांचा आजोबा झालेला शिपाई आहे तिथं, भला माणूस. त्याला म्हटलं, "मला एकच मिनिट आत जाऊ दे. बसायचं नाही, उभ्यानं सांगते."

"नाही जमणार, बाई."

"अरे, माझा कोट आहे आत."

"कोट मी आणतो."

आणला. कोट, बूट, डब्याची पिशवी, सगळं दोन हातांत धरून. मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून बूट घातले. तेवढ्यात आरोपीचा वकील आला. मी उठले, म्हटलं, "ऐका, ती किल्ली..." त्यानं दोन्ही तळवे वर केले, "माझ्याशी बोलू नका, कृपा करून बोलू नका," आणि पुरुषांच्या संडासात शिरला. मी दहा मिनिटं बाहेर उभी होते. ग्लेननं मला हाताला धरून दारापर्यंत सोडलं.

तीन आठवडे मी सांभाळून ठेवलं. जज म्हणाला शेवटी बोला, म्हणून शेवटासाठी ठेवलं. काल खसखशीच्या वळकटीबरोबर सांगून टाकलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? मी नेहमीच नियम पाळत आले. नेस्टर म्हणायचा, तू लाल दिव्याला वाळवंटातसुद्धा थांबशील.

शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळीच गेले. आता मी लोकांत बसू शकते. पोराच्या आईच्या मागच्या बाकावर बसले. तिच्या स्वेटरची शिवण उसवलीय मानेपाशी.

दुपारी ज्यूरीनं चिठ्ठी पाठवली की पर्लबाईंची साक्ष पुन्हा ऐकायचीय. बारा जण बाहेर आले, टेप लावली. "मी हात केला, त्यानं बोट उचललं." लेनर्ड पुढे झुकून ऐकत होता, कान किंचित वळवून. मी त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मनात एकच घोकत होते, किल्ली, किल्ली. असं कुणाला ऐकू जात नाही हे मलाही कळतं.

ते पुन्हा आत गेले. माझी खुर्ची हीटरजवळ होती. आता कोण बसलं असेल?

शनिवार, ३१ जानेवारी

अकरा वाजता निकाल. दोषी. सदोष मनुष्यवध. शिक्षा मार्चमध्ये सांगणार.

एकेकाला उभं करून विचारलं, हा तुमचाही निकाल आहे ना? एक नंबर, हो. दोन नंबर, हो. चार वगळून पुढे. दहा नंबरनं "हो" म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, जजलाही आलं नाही. पुन्हा विचारावं लागलं. पोरगा बाह्यांत हात ओढून उभा होता. त्याची आई रडली नाही, तिनं नुसतं विचारलं, "आता घेऊन जाणार का?" कुणाला विचारलं कळलं नाही. मी पुढं वाकून "हो" म्हटलं. एवढंच मी बोलले या खटल्यात.

बाहेर आले तर पार्किंगमध्ये लेनर्ड माझ्या गाडीशी उभा. डोक्यावर टोपी नाही, उणे एकोणतीसमध्ये.

"कान गळून पडतील," मी म्हटलं.

"तुमची खुर्ची आम्ही रिकामीच ठेवली होती."

मी गाडीतून काच खरवडायची पट्टी काढली.

"तुम्ही म्हणाला होतात, एक सांगायचंय," तो म्हणाला. "काय सांगणार होतात?"

आतलं बोलायला त्यांना जन्मभर बंदी आहे, कायद्यानं. मला माझं सांगायला कुणाची बंदी नव्हती. तोंडाशी आलं होतं. पण त्याचं तोंड बघितलं. दोन रात्री झोपला नव्हता. निकाल देऊन झालेला, परत घेता येत नाही. अशा माणसाच्या हातात मी आता ही शंका ठेवायची? माझ्याजवळ आहे तेवढी पुरे. त्यानं घरी जावं, पेट्यांना कान लावावेत.

"काही नाही हो," मी म्हटलं. "सगळ्यांचे आभार मानणार होते."

"नक्की?"

"नक्की."

तो हलेना. बूट बर्फावर घासत उभा. मग म्हणाला, "माझ्या पिकअपची किल्ली कधी काढतच नाही मी. आत्तासुद्धा आतच आहे."

"इथं सगळ्यांचीच असते," मी म्हटलं. वाटलं, थंडी वाजतेय, निघायचं म्हणत असेल.

"हो," तो म्हणाला. "सगळ्यांचीच असते." मग गेला. त्याचा पिकअप कुठला ते मी बघितलं नाही, काच खरवडत होते.

घरी आले, चहा ठेवला, वही उघडली, आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. वर लिहिलंय तेच. लिहिल्यावर कळलं.

त्याला माहीत होतं. तो आत दोन दिवस वाट बघत होता की कुणीतरी पहिलं तोंड उघडावं, आणि जी उघडणार होती ती बाकावर बसून बूट घालत होती. मग तो पार्किंगमध्ये टोपीशिवाय थांबला, तेच ऐकायला. आणि मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी वकिलाला पत्र लिहीन, त्यानं कितीही तळवे दाखवले तरी. पण आज मला लेनर्डशी बोलायचंय. आत्ता, चहा गार व्हायच्या आत. फोनचं पुस्तक काढलं. दोनदा उघडलं नि मिटलं. पुस्तक आडनावांनी लावलेलं असतं, आणि माझ्याजवळ त्याचं नुसतं नाव नि कोर्टातला नंबर आहे.